मे महिन्याची आगगाडी

उन्हाळ्याची सुटी आणि आजोळ हे दोन शब्द आपल्या भाषेत जणू जोडीनेच वावरतात. एकाचे नाव निघाले की दुसऱ्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आंबे, फणस, विहिरीवरचे स्नान, मामांचा धाक आणि आजीचा लाड हे सारे मनात दाटून येते. परंतु आजोळी पोचविणारी वाट मात्र आपण गृहीत धरून चालतो. ती कोणी बांधली, कशासाठी बांधली, आणि ती कधी बंद पडली होती काय, हे प्रश्न बालपणी कोणालाच सुचत नाहीत. बेळगाव आणि गोवा यांना जोडणाऱ्या अशाच एका वाटेची हकीकत आज सांगावयाची आहे.

या दोन प्रदेशांच्या मध्ये सह्याद्री उभा आहे. आगगाडी येण्यापूर्वी चोर्ला, तिनई यांसारख्या घाटांतून बैलांच्या पाठीवर माल लादून ये-जा चाले. ऐपतदार मनुष्य माचिल्यातून जाई, इतरांना पायांचाच आधार. पावसाळ्यात ही वाट धोक्याची होई. तेव्हा नातलगांची भेट घ्यावयाची ती उन्हाळ्यातच, असा निसर्गाचाच दंडक होता. पुढे इंग्रजी शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी गोव्यातील तरुण ब्रिटिश हद्दीत येऊ लागले. बेळगावात १८५६ साली स्थापन झालेल्या सेंट पॉल्स हायस्कुलात गोव्याकडील पुष्कळ मुले शिकून गेली. अशा रीतीने एकेका कुटुंबाचे एक पाऊल घाटावर आणि दुसरे घाटाखाली पडले.

या वाटेवर लोखंडी रूळ आले ते मात्र आजोळच्या ओढीने नव्हे. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यामध्ये लिस्बन येथे एक तह झाला. दोन्ही हद्दींमधील जकातीचे अडसर दूर करावयाचे, गोव्यातील मिठाच्या व्यवहारावर इंग्रजांचे नियंत्रण राहावयाचे, आणि मुरगाव बंदरापासून ब्रिटिश सरहद्दीपर्यंत रेल्वे बांधावयाची, असा त्याचा मुख्य आशय होता. धारवाड-बल्लारीकडील कापूस मुरगावच्या धक्क्यावर उतरावा, अशी योजकांची अपेक्षा होती. १८८१ साली लंडनमध्ये कंपनी स्थापन झाली आणि १८८८ साली हा मार्ग कॅसलरॉकपर्यंत पूर्ण झाला. गोव्याच्या बाजूची त्याची लांबी सुमारे ८२ किलोमीटर. त्यातील कुळे ते कॅसलरॉक हा चढाचा भाग इतका कठीण की गाडीला मागून आणखी इंजिने लावून ती वर ढकलावी लागे. तो दुर्गम घाट फोडणाऱ्या मजुरांची नावे कोणत्याही स्थानकावर कोरलेली नाहीत.

अपेक्षिलेला व्यापार काही आला नाही. तहाची मुदत १८९२ साली संपली, जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या, आणि भागधारकांना दिलेल्या हमीचा भार गोव्याच्या तिजोरीवर पडत राहिला. हिशेबाच्या वहीत हा मार्ग तोट्याचाच ठरला. परंतु त्या वहीत एका उतारूची नोंद करावयाची राहून गेली. तो उतारू म्हणजे मे महिन्यात लेकरांना घेऊन माहेरी निघालेली स्त्री.

माझी आजी त्यांपैकीच एक. तिचे माहेर साष्टी तालुक्यात होते आणि लग्न होऊन ती बेळगावास आली होती. लोंढ्याला गाडी बदलावयाची, कॅसलरॉकला भारताच्या आणि कुळ्याला पोर्तुगीजांच्या जकात शिपायांपुढे ट्रंक उघडून दाखवावयाची, आणि मग मडगावपर्यंत सुखाने जावयाचे, असा तिचा दरवर्षीचा क्रम होता. गोव्यात मे महिना हा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा महिना. मिरची, सोले, सुके मासे, कांदे यांची खरेदी याच दिवसांत होते. कित्येक कुटुंबे याच सुमारास समुद्रकाठी मुक्काम हलवीत. त्याला तिकडे 'मुदांस' म्हणतात. मे महिन्यातील खाऱ्या पाण्याचे स्नान सांधेदुखीला उतार देते, अशी लोकांची श्रद्धा होती. वडीलधारी मंडळी दुखणे घालविण्यासाठी पाण्यात उतरत आणि मुले नुसत्या आनंदासाठी.

१९५५ साली मात्र ही वाट बंद झाली. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी गोव्याच्या हद्दीत शिरलेल्या नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, अनेकांनी प्राण वेचले, आणि त्यानंतर भारताने गोव्याशी असलेले दळणवळण तोडले. आगगाडी सरहद्दीवर थांबली. गोमंतकाच्या मुक्तीसाठी ज्यांनी देह ठेवले, त्यांच्या त्यागापुढे एका कुटुंबाची सुटी ही क्षुल्लक गोष्ट होय, हे मी जाणतो. तरीही इतिहासाची किंमत घराघरांतून चुकवली जाते आणि ती कोठेही लिहिली जात नाही, म्हणून हे सांगावेसे वाटते. आई तेव्हा सहा वर्षांची होती. तिची आजी घाटाखाली होती. तिला ती तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'शामाय' म्हणे. १९६० साली शामाय वारली. ती बातमी सांगणारे पत्र बेळगावास पोचले, तोवर तिचा महिन्याचा मिसादेखील होऊन गेला होता.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढे आगगाडीही पुन्हा सुरू झाली. १९८० नंतरच्या काळात आम्ही भावंडे त्याच मार्गाने गोव्यास जात असू. मे महिन्यात दूधसागर क्षीण झालेला असे. सुमारे ३१० मीटर उंचीच्या त्या कड्यावर पाण्याची एखादीच रेघ दिसे, आणि तरी सारा डबा खिडक्यांकडे धावे. बोगदा आला की धाकटी बहीण आईचा पदर घट्ट धरी. परतताना मानकुराद आंब्यांच्या करंडीवर कोणी बसायचे नाही, एवढा एकच कायदा असे.

पुष्कळ वर्षांनी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आमचे आजोळ तर बेळगावातच होते, घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. मग दर उन्हाळ्यात एवढी यातायात करून आम्ही आईच्या आजोळी का जात होतो? आईला एकदा मी हे विचारले. ती तांदूळ निवडीत होती. हात न थांबवता तिने मोजले, "छप्पन, सत्तावन, अठ्ठावन, एकोणसाठ, साठ, एकसष्ट." सहा उन्हाळे. याहून अधिक ती काही बोलली नाही. ज्याला आम्ही आमची मौज समजत होतो, ते तिचे देणे होते आणि ती ते हप्त्याहप्त्याने फेडून घेत होती.

१९९० नंतरच्या दशकात या मार्गावरील मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आला, आणि १९९८ साली कोकण रेल्वेने गोव्याला मुंबईकडून दुसरी वाट खुली केली. आज मोटारीने चोर्ला घाट उतरणारे कुटुंब काही तासांतच समुद्रकाठी पोचते. वाट सोपी झाली ही आनंदाचीच गोष्ट आहे. मात्र सोपी वाट आपला इतिहास आपण होऊन सांगत नाही.

माझ्या वर्गातील मुलांना मी सुटीचा अभ्यास म्हणून हल्ली एवढेच सांगतो: घरातील सर्वांत वयस्क माणसाला विचारा, तुमच्या लहानपणी सुटीत कोठे जात होता, कशाने जात होता, आणि कोणत्या वर्षी जाता आले नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मुले पानेच्या पाने भरून आणतात. तिसऱ्याचे उत्तर बहुधा एका ओळीचे असते. ती ओळ मी दोनदा वाचतो. श्रोतेहो, यंदाच्या सुटीत आपणही हा प्रश्न आपल्या घरी विचारावा आणि मिळेल ते उत्तर तारखेसह लिहून ठेवावे. सांगणारी माणसे थोडीच उरली आहेत.