दारूबंदी आणि व्यसनी माणूस : एका कायद्याचा इतिहास



मद्याच्या प्रश्नाचा इतिहास बडोद्यात सांगावयाचा तर आरंभ रंगभूमीपासून करणे उचित ठरेल. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने प्रथम सादर केले ते याच नगरीत, २० फेब्रुवारी १९१९ रोजी. नाटककार त्यापूर्वी महिनाभर आधीच निवर्तले होते. मद्यनिषेधाचे नाटक म्हणून आपण ते ओळखतो. परंतु सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो तेव्हा त्याला काम हवे असते, माणसांचा आधार हवा असतो. प्रतिष्ठित जग त्याला दूर लोटते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. त्याची किंमत सिंधू मोजते. व्यसनी माणूस, त्याचे कुटुंब आणि दार लावून घेणारा समाज असे तीन पक्ष गडकऱ्यांनी उभे केले. त्यानंतरच्या कायद्यांनी या तिघांकडे कसे पाहिले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि १९५० मध्ये राज्यभर संपूर्ण दारूबंदी लागू झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, मोरारजी देसाई गृहमंत्री. अबकारीच्या घसघशीत उत्पन्नावर पाणी सोडण्यास धैर्य लागते. ते त्या सरकारने दाखविले, हे मान्य केले पाहिजे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाचा आधारही त्यास होता. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांसंबंधीची बंधने रद्द केली. कायद्याचा गाभा मात्र कायम ठेवला.

१ मे १९६० रोजी राज्याची दोन राज्ये झाली आणि हा एकच कायदा दोन घरी नांदू लागला. गुजरातने बंदी टिकविली. महाराष्ट्राने साठ-सत्तरच्या दशकांत परवाना पद्धतीने ती सैल केली. एका कायद्याच्या दोन वाटांची अशी तुलना अभ्यासकाला क्वचितच मिळते.

बंदीचा पक्ष दुबळा नाही. दारूचे दुकान समोर नसले तर पिणाऱ्यांची संख्या घटते, आणि गरीब घरात त्याचा लाभ प्रथम स्त्रीला होतो. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या आंदोलनातून. महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दुकाने बंद पाडली. त्यांच्या अनुभवापुढे पुस्तकी युक्तिवाद लंगडे पडतात. दुसरीकडे चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी शासनाने २०२१ मध्ये उठविली.

आता दुसरी बाजू. ‘लठ्ठाकांड’ हा शब्द बडोदेकरांना समजावून सांगावा लागत नाही. १९८९ मध्ये याच शहरात विषारी दारूने शंभरावर बळी घेतले. २००९ मध्ये अहमदाबादेत तेच घडले. त्यानंतर गुजरातने अशी दारू करणाऱ्यास फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली; तरीही २०२२ च्या जुलैत बोटाद व अहमदाबाद जिल्ह्यांत चाळीसहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते. दृष्टी जाते, मग प्राण जातो. वेळीच उपचार झाले तर माणूस वाचू शकतो. परंतु पिणे हाच गुन्हा असेल, तर रुग्णालयाची पायरी चढताना रोग्याला प्रथम पोलीस आठवतो. गमावलेले ते तास शिक्षेची तरतूद परत देऊ शकत नाही.

बंदी उठविल्याने विष नाहीसे होते, असेही नव्हे. मुंबईत २००४ मध्ये विक्रोळीला आणि २०१५ मध्ये मालवणीला हातभट्टीने अनेक बळी घेतले, तेथे परवान्याची दारू उघड मिळत असताना. विष स्वस्तातल्या दारूत मिसळते आणि स्वस्त दारू गरिबाच्याच वाट्याला येते. गुजरातेत प्रकृतीच्या कारणास्तव परवाना मिळतो, तोही ज्याला अर्ज, डॉक्टर आणि शुल्क परवडते त्यालाच.

अमली पदार्थांच्या बाबतीत देशाने हा धडा काही अंशी गिरविला आहे. १९८५ चा कायदा अत्यंत कडक. परंतु त्यातील कलम ६४-अ, जे १९८९ मध्ये आले व २००१ मध्ये सुधारले गेले, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण देते. त्याच दशकात ‘गर्द’ने महाराष्ट्रातील तरुण ग्रासले, तेव्हा १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथे व्यसनी माणसाला रोगी मानले गेले. पुढे एड्सच्या साथीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने सुईने नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया आणि अफूजन्य नशेला पर्यायी औषध देण्यास आरंभ केला. सरकारने नशेला मान्यता दिली, असा याचा अर्थ नव्हे; नशा सुटेपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

यावरून माझे मत असे बनले आहे. विषाचा व्यापार करणाऱ्यास कायद्याने जबर शिक्षा करावी. पिऊन घरात हात उगारणाऱ्यासही क्षमा नको; व्यसन हा रोग खरा, पण मार हा गुन्हाच. मात्र केवळ पिणारा, आणि त्याला रुग्णालयात नेणारा शेजारी, यांना कायद्याने निःसंदिग्ध अभय द्यावे. एवढ्याने बंदी दुबळी होणार नाही. उलट, जीव वाचविणारी बंदी म्हणून लोक तिच्या पाठीशी उभे राहतील.

बंदी ठेवावी की उठवावी, याचा निर्णय प्रत्येक राज्य आपापल्या परिस्थितीनुसार करील. पण रात्री अकरा वाजता दृष्टी अंधुक झालेल्या मजुराला त्याच्या बायकोने कोठे न्यावे, आणि तेथे तिला प्रथम कोणता प्रश्न विचारला जावा, हे धोरण लिहिणाऱ्यांनी आधी ठरवावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.