सुकाणूशिवाय वळणारी गाडी

चंदगड तालुक्यातून कोकणात उतरायचे तर घाट चुकत नाही. दोडामार्गकडे जाताना तिलारी घाट लागतो, सावंतवाडीकडे जाताना आंबोली घाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि पुढचे न दिसणारे वळण, हे इथल्या मुलांना वर्णन करून सांगावे लागत नाही. असाच रस्ता २००६ साली एका व्हिडिओ गेममध्ये अवतरला. ‘नीड फॉर स्पीड : कार्बन’ या खेळात शहरी रस्त्यांवरील शर्यतींबरोबर दरीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांवरील शर्यतीही होत्या. वळण चुकले की गाडी दरीत!

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला निन्टेन्डो या जपानी कंपनीचा ‘वी’ हा कन्सोल अमेरिकेत विक्रीस आला आणि हा खेळ त्यावर पहिल्या दिवसापासून मिळू लागला. नवल होते ते खेळण्याच्या रीतीचे. हातात टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी. ती दोन्ही हातांनी आडवी धरायची आणि सुकाणूसारखी डावीकडे कलवली की पडद्यावरची गाडी डावीकडे वळे. ना चक्र, ना दांडा, ना तार. मग हात कलल्याचे कांडीला कळत कसे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वाटेत आपल्याला महाराष्ट्रातील एक धरणही लागते.

चक्रापासून कांडीपर्यंत

शर्यतीच्या खेळांचा आरंभ साध्या यांत्रिक जोडणीने झाला. १९७४ साली अटारी कंपनीच्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ या यंत्राला खरेखुरे सुकाणू, गिअर आणि पायाने दाबायचे खटके होते. १९८५ मध्ये सेगा कंपनीने ‘हँग-ऑन’ आणले. त्याच्या एका प्रकारात खेळणारा मोटारसायकलच्या प्रतिकृतीवर बसे व ती अंगाने झुकवी. परंतु या सर्व यंत्रांत सुकाणू किंवा बैठक कुठल्या तरी आसाला जोडलेली होती. आस किती फिरला, एवढेच मोजायचे होते. वीची कांडी मात्र हवेत मोकळी होती. मोकळ्या वस्तूचा कल मोजायचा, तर तो कशाच्या संदर्भाने? असा संदर्भ सर्वत्र फुकट उपलब्ध आहे. तो म्हणजे गुरुत्वाकर्षण.

एका पेटीत स्प्रिंगला बांधलेले लहानसे वजन आहे अशी कल्पना करा. पेटीला अचानक ढकलले की वजन जडत्वामुळे मागे राहते व स्प्रिंग ताणली किंवा दाबली जाते. हा ताण मोजला की पेटीचे त्वरण कळते. हाच त्वरणमापक. आता पेटी स्थिर ठेवून नुसती कलवली, तरी वजन गुरुत्वामुळे खालच्या बाजूला सरकते. कल ३० अंशांचा असेल, तर त्या दिशेचा गुरुत्वाचा घटक साइन ३० अंश, म्हणजे बरोबर निम्मा असतो. कांडी कलली हे ओळखण्याचे मूळ गणित एवढेच आहे.

कोयनेची पहाट

हे उपकरण खेळासाठी जन्मलेले नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सुमारे ४ वाजून २० मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.३ होती आणि त्यात सुमारे १८० माणसे दगावली. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या आत त्या वेळी एक त्वरणलेखक बसवलेला होता. त्याचाही गाभा तोच : आधाराला लवचीकपणे बांधलेले लहान वस्तुमान. धक्क्याने तो आपोआप सुरू झाला आणि त्याने नोंद केली. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, तर नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट इतके चढले होते.

धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी जे बल गृहीत धरले होते, ते धरणाच्या वजनाच्या अवघे ०.०५ पट होते. काही भागांत वरच्या बाजूला आडव्या भेगा पडल्या, पण धरण टिकले. पुढे त्याला मागून टेकू देऊन मजबुती आणली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठातील अनिल चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदीच्या आधारे धरणाचा अभ्यास केला आणि काँक्रीटच्या धरणांची भूकंपातील वर्तणूक तपासण्यासाठी कोयनेचे उदाहरण जगभर वापरले जाऊ लागले. एका लहानशा वजनाच्या हलण्याने एवढे मोठे काम केले.

वाळूच्या कणाहून हलके वजन

असे यंत्र धरणात ठेवता येई, तळहातावर नव्हे. १९७९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉयलन्स व एंजेल यांनी सिलिकॉनच्या चकतीतूनच वजन व त्याचा लवचीक आधार कोरून त्वरणमापक तयार केल्याचे प्रसिद्ध केले. १९९०च्या दशकाच्या आरंभी ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीने असा मापक त्याच्या विद्युत्‌ मंडलासह एकाच चिपवर बसवला. तो हवा होता मोटारींतील एअरबॅगसाठी. गाडी आदळल्याचे काही मिलिसेकंदांत ओळखून पिशवी फुगवायची होती. या चिपमधील सिलिकॉनचे वजन वाळूच्या कणाहूनही कितीतरी हलके असते. त्याला कंगव्यासारखे दात असतात. वजन किंचित सरकले की दातांमधील अंतर बदलते, त्यामुळे विद्युत्‌ धारिता बदलते, आणि तीच मोजली जाते.

मोटारींसाठी मोठ्या संख्येने बनू लागल्यावर या चिपची किंमत उतरली. वीच्या कांडीत याच कंपनीचा, तिन्ही दिशांना गुरुत्वाच्या किमान तिप्पट त्वरण मोजणारा मापक होता. म्हणजे खऱ्या गाडीत जीव वाचवण्यासाठी विकसित झालेले तंत्र खोट्या गाडीच्या सुकाणूत आले. वीचे दहा कोटींहून अधिक नग विकले गेले. २००७ नंतर तसाच मापक स्मार्टफोनमध्ये रुळला. त्यामुळे कन्सोल कधीही न पाहिलेला मुलगाही आज मोबाइल कलवून शर्यत खेळू शकतो.

मापकाला न कळणारी गोष्ट

या मापकाला एक मर्यादा आहे. स्थिर असताना कलणे आणि सरळ राहून बाजूला त्वरण मिळणे, यांतला फरक केवळ स्वतःच्या मापनावरून तो सांगू शकत नाही. आइन्स्टाइन यांनी १९०७ साली मांडलेल्या समतुल्यता तत्त्वाचाच हा खेळण्यातला अवतार. आंबोली घाट उतरणारी एस.टी. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १८ किलोमीटर वेगाने वळत असेल, तर तिचे त्वरण गुरुत्वाच्या सुमारे ०.१७ पट असते. मोबाइल अगदी स्थिर धरला, तरी त्यातील त्वरणमापकाला तो सुमारे १० अंश कलल्यासारखा वाटतो. खेळ फक्त याच मापकावर चालत असेल, तर बस डावीकडे वळताना पडद्यावरची गाडी उजवीकडे जाऊ लागेल! ही उणीव भरून काढण्यास फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप लागतो. वीच्या कांडीला तो २००९ मध्ये जोडता येऊ लागला.

आपल्या आतल्या कानातही असाच मापक आहे. तेथे कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक वजनाचे काम करतात. खऱ्या वळणावर आपण बाहेर फेकले जात आहोत असे शरीराला जाणवते, आणि ती जाणीव आपल्याला वेग कमी करायला सांगते. घरात बसून शर्यत खेळणाऱ्याच्या कानाला मात्र एकच निरोप मिळतो : सर्व काही स्थिर आहे. खेळ डोळ्यांना वेग शिकवतो, अंगाला नाही.

दहावी-बारावीच्या वर्गात हे गणित अवश्य करून घ्यावे. २० मीटर त्रिज्येचे सपाट वळण. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. आवश्यक अभिकेंद्री त्वरण १०० भागिले २०, म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. हे गुरुत्वाच्या निम्मे झाले, कांडी ३० अंश कलवल्यावर मापक दाखवतो तेवढेच. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणांक साधारण ०.७ असतो, तेव्हा गाडी वळते. पावसात तो ०.४ पर्यंत उतरला, तर त्याच वेगाला गाडी घसरते. वेग दीडपट केला, तर त्वरण सव्वादोन पट लागते, आणि मग कोरडा रस्ताही ते देऊ शकत नाही.

सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे, हे मुलांना सांगावेच. पण त्याआधी एक दोरा आणि एक नट द्यावा. एस.टी.त बसल्यावर दोरा बोटाला बांधून नट लोंबता सोडावा आणि प्रत्येक वळणावर तो किती अंश बाजूला जातो ते वहीत लिहावे. खर्च शून्य. बस वळताच नट कलतो, आणि त्याच क्षणी अंगालाही तो कल जाणवतो. ज्या मुलाने हे दोन्ही एकदा ताडून पाहिले, त्याला पावसाळ्यातल्या घाटात मोटारसायकलचा वेग कुठे आवरायचा हे वेगळे शिकवावे लागणार नाही.