घराण्याची बस आणि 'ट्रॅव्हल्स' हा शब्द

नवीन जालन्यातून रात्री पुण्यास निघालेला मनुष्य 'ट्रॅव्हल्सने जातो' असे म्हणतो. 'ट्रॅव्हल्स आली' असेही म्हणतो. इंग्रजीतील अनेकवचनी रूप येथे एकवचनी व स्त्रीलिंगी झाले आहे. लिंग अर्थात 'गाडी'चे. परंतु हा शब्द मुळात वाहनाचे नाव नव्हता. तो मालकाच्या पेढीच्या नावाचा उत्तरार्ध होता. बसच्या पेढीने सहलीचे नाव का घ्यावे, याचा उलगडा व्याकरणात होत नाही, परवान्याच्या इतिहासात होतो.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारने 1930 मध्ये रेल्वे कंपनीकडून विकत घेतली आणि 1932 मध्ये त्याच खात्यामार्फत 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. रेल्वे आणि रस्ता यांचा मालक एकच झाला. मुंबई प्रांतात सरकारी बस आली ती 1 जून 1948 रोजी, पुणे–अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर. म्हणजे खाजगी मोटारमालकापुढे सरकार येथे सोळा वर्षे आधी उभे राहिले. 1961 मध्ये मराठवाड्याची सेवा महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली.

मालवाहतूक मात्र खाजगी हातांतच राहिली. बसच्या इतिहासात ट्रकचा विचार सहसा होत नाही, हे मला चुकीचे वाटते. घराण्याचे भांडवल वाढण्यास वाव होता तो तेथेच. शेजारच्या कर्नाटकातील गदग येथील उदाहरण बोलके आहे. विजय संकेश्वर यांनी 1976 मध्ये तेथे एका ट्रकवर धंदा उभारला. त्यांच्या संस्थेची प्रवासी बस आली 1996 मध्ये. मधली वीस वर्षे ट्रकची आहेत.

या दोन सालांच्या मध्ये 1988 चा मोटार वाहन कायदा येतो. त्याने परवाने सुलभ केले. पण टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक हा जुना भेद कायम ठेवला. कंत्राटी गाडीने ठरलेल्या प्रवाशांना करारानुसार न्यावे, वाटेत कोणासही चढवू-उतरवू नये, असा नियम आहे. सबब रोज रात्री त्याच वेळी, त्याच गावी जाणारी गाडी कायद्याच्या दृष्टीने एखाद्या मंडळीने भाड्याने घेतलेली गाडी ठरते. 'टूर्स अँड ट्रॅव्हल्स' हे नाव त्या भूमिकेस साजेसे होते. सहल कागदावर राहिली, शब्द गाडीला चिकटला.

'एस.टी.' हा शब्दही असाच, वाहनाचा नव्हे तर मालकाचा. फरक इतकाच की, 'ट्रॅव्हल्स'च्या पाटीवर घराण्याचे आडनाव ठळक अक्षरांत असते आणि बोलताना तेच गळून पडते.