खालची सेटिंग : स्पर्धात्मक व्हिडिओ गेममधील एका रिवाजाचा इतिहास

गेमचे चित्र किती बारकाईने काढायचे हे ज्या पर्यायांवरून ठरते, त्यांना ग्राफिक्स सेटिंग म्हणतात. दुबळ्या संगणकावरही गेम चालावा, हा त्यांचा मूळ हेतू. स्पर्धेत उतरणारे खेळाडू मात्र दणकट संगणकावरही हे पर्याय मुद्दाम खालच्या पातळीवर ठेवतात. त्यामागे दोन कारणे आहेत. बारकावे कमी झाले की संगणक दर सेकंदाला जास्त फ्रेम, म्हणजे जास्त चित्रे, काढतो. सेकंदाला ६० फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंद जातात, २४० असतील तर सुमारे ४.२. कोपऱ्यातून बाहेर आलेला प्रतिस्पर्धी तेवढा आधी दिसतो. दुसरे कारण नजरेचे. गवत, धूर, सावल्या आणि भिंतीवरची नक्षी नाहीशी झाली की त्यांत मिसळून गेलेला माणूस उठून दिसतो. पहिल्या फायद्याबद्दल फारशी तक्रार कधी झाली नाही. वाद झाले ते दुसऱ्यावरून.

डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’मध्ये ही सोय निव्वळ गरजेची होती. एफ५ कळ दाबली की आडव्या दिशेतले बारकावे निम्मे होत, आणि चित्राची चौकटही लहान करता येई. त्या काळच्या संगणकांना गेमच्या कमाल ३५ फ्रेमचा वेग गाठायलाच हे करावे लागे.

रिवाजाची खरी सुरुवात इड सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’पासून झाली. जून १९९६ मध्ये आलेल्या या गेममध्ये कन्सोल उघडून आज्ञा टाइप करता येत असे आणि चित्राचा जवळजवळ प्रत्येक भाग बदलता येई. ‘फुलब्राइट’ या आज्ञेने सगळ्या सावल्या पुसल्या जात आणि अंधाऱ्या कोपऱ्याला काही अर्थच उरत नसे. त्याच वर्षी इंटरनेटवर खेळण्यासाठी आलेल्या ‘क्वेकवर्ल्ड’च्या प्रोग्रॅममध्ये ही आज्ञा फसवणूक मानून बंद करण्यात आली. पाणी आरपार दिसू द्यायचे की नाही, हे सर्व्हरच्या मर्जीवर सोपवले गेले. ‘पिकमिप’ ही आज्ञा मात्र खुली राहिली. तिचा जन्मही गरजेतून झालेला होता. १९९६ च्या थ्रीडीएफएक्स वूडू ग्राफिक्स कार्डात टेक्स्चरसाठी, म्हणजे भिंती-जमिनीवर चढवायच्या चित्रांसाठी, जेमतेम २ मेगाबाइट जागा असे, म्हणून टेक्स्चर लहान करून वापरण्याची ही सोय होती. पिकमिपचा आकडा एकाने वाढला की टेक्स्चरची लांबी आणि रुंदी निम्मी होते. आकडा ५ केला तर प्रत्येक बाजू ३२ पटीने घटते. विटांची भिंत मग एकरंगी पुठ्ठ्यासारखी दिसते आणि तिच्यापुढून धावणारा प्रतिस्पर्धी लगेच नजरेत भरतो.

डिसेंबर १९९९ च्या ‘क्वेक ३ अरेना’त हा रिवाज टोकाला गेला. पिकमिप वाढवणे आणि प्रकाशयोजना सपाट करणे यांच्या जोडीला सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना एकच रूप देण्याचा पर्यायही खेळाडू वापरू लागले. याच गेममध्ये फ्रेमच्या वेगाचा एक अनपेक्षित परिणाम समोर आला. खेळाडूचा वेग दर फ्रेमला पूर्णांकात बसवला जाई. गुरुत्वाकर्षण सेकंदाला ८०० एककांनी वेग घटवते. १२५ फ्रेमच्या वेगाने, म्हणजे ८ मिलिसेकंदांच्या एका फ्रेममध्ये, ही घट ६.४ एकक व्हायला हवी. पूर्णांकात बसवताना ती ६ च राहते. गुरुत्वाकर्षण जणू ७५० वर येते आणि उडी उंच जाते. ज्यांचा संगणक १२५ गाठू शकत नसे, त्यांना काही ठिकाणी उडी मारून पोहोचताच येत नसे. साहजिकच खालची सेटिंग ही उडीचीही अट होऊन बसली. पुढे सर्वांची हालचाल ८ मिलिसेकंदांच्या ठरावीक टप्प्यांत मोजण्याचा पर्याय सर्व्हरला मिळाला.

१९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवरील मॉड, म्हणजे फेरबदल करून बनवलेली आवृत्ती, म्हणून सुरू झालेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’ने पडद्याचा आकारही या हिशेबात आणला. काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरवर रेझोल्यूशन कमी केले की चित्र सेकंदाला जास्त वेळा ताजे होई, म्हणून ८०० बाय ६०० किंवा ६४० बाय ४८० वर खेळणे शहाणपणाचे होते. सपाट रुंद पडदे आल्यावर हे कारण संपले, सवय मात्र राहिली. त्याच मालिकेतल्या २०१२ च्या ‘सीएस:गो’मध्येही अनेक नावाजलेले खेळाडू ४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणून खेळत. त्यात समोरची आकृती एक तृतीयांशाने रुंद दिसते. बदल्यात दृष्टिक्षेत्र १०६ अंशांवरून ९० वर येते आणि बाजूने येणारा दिसत नाही.

मोकळ्या रानावर रचलेल्या गेममध्ये भांडण गवतावरून झाले. २००९ च्या ‘आर्मा २’मध्ये जमिनीचे बारकावे सर्वांत खाली नेले की गवत पूर्ण नाहीसे होई. गवतात पालथा पडलेला खेळाडू स्वतःच्या पडद्यावर लपलेला असे आणि दुसऱ्याच्या पडद्यावर उघड्यावर. भारतात हा रिवाज घरोघर पोहोचला तो २०१८ मध्ये आलेल्या ‘पबजी मोबाइल’मुळे. ग्राफिक्स ‘स्मूथ’वर आणि फ्रेमचा वेग ‘एक्स्ट्रीम’वर, म्हणजे ६० वर, ही जोडी साध्या फोनवाल्यांनी नाइलाजाने निवडली, तर महागडा फोन असलेल्यांनी हौसेने. सप्टेंबर २०२० मध्ये या गेमवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती ‘बीजीएमआय’ आल्यावरही ही जोडी कायम राहिली.

खालची सेटिंग दर वेळी फायद्याचीच ठरते असे नाही. ‘सीएस:गो’मध्ये सावल्यांची पातळी वाढवली की कोपऱ्याआडच्या माणसाची सावली आधी दिसे, ती घालवणारा खेळाडू एक सुगावा गमावत असे. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या खेळाडूंना म्हणूनच प्रत्येक पर्याय वेगळा तपासावा लागला.

नजरेच्या फायद्यावरून होणाऱ्या वादाचे उत्तर गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी पुढे रचनेतच शोधले. २०२० च्या ‘व्हॅलोरंट’मध्ये प्रतिस्पर्ध्याभोवती रंगीत कड असते, तिचा रंग निवडता येतो आणि दृष्टिक्षेत्र सर्वांना सारखे असते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये धुराचा लोट कोणत्याही सेटिंगवर सर्वांना एकसारखाच दिसतो. ‘फोर्टनाइट’ने मात्र डिसेंबर २०२० मध्ये जुन्या संगणकांसाठी बारकावे घटवणारा ‘परफॉर्मन्स मोड’ दिला. अव्वल खेळाडूंनीही तो लगेच उचलला. खेळाच्या निकालावर परिणाम करणारी दृश्ये सर्वांना सारखी ठेवायची आणि निव्वळ सजावट ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडायची, अशी विभागणी आता रूढ होत आहे. फ्रेमच्या वेगासाठी सेटिंग खाली आणणे मात्र आजही सर्वत्र चालते.