कपिलधारच्या यात्रेत खाणं बाधलं, तर तक्रार कुठे करायची?

बीड जिल्ह्यातलं कपिलधार म्हणजे मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला इथं मोठी गर्दी लोटते. अशा गर्दीत शिजवलेलं अन्न तासन्‌तास उघडं राहिलं की ते बाधू शकतं. 2024 च्या फेब्रुवारीत नांदेडच्या कोष्टवाडीत प्रसादातून दोन हजारांच्या आसपास लोकांना विषबाधा झाली.

तपासणीचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे. त्यांचा टोल फ्री नंबर 1800-222-365. बिल, पाकीट आणि दवाखान्याचा कागद जपून ठेवा. उरलेलं अन्न लोक आधी फेकून देतात, मग तक्रार करतात. मग तपासायचं काय?

अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, त्याचा अहवाल 14 दिवसांत यायला हवा. चौथा भाग दुकानदार मागेल तर त्याच्या खर्चानं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. अहवाल मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येतं. म्हणून अहवालाआधीच व्हिडिओ फिरवून एखाद्या गरीब गाडेवाल्याची रोजी बुडवणं आम्हाला पटत नाही.

2006 च्या कायद्याचं कलम 40 फार कुणाला माहीत नसतं. खरेदी करतानाच दुकानदाराला सांगून, फी भरून, गिऱ्हाईक स्वतः नमुना तपासून घेऊ शकतो. दोष निघाला तर फी परत मिळते.

आणि हो, नफा नसला तरी अन्न वाटप या कायद्यात येतं. भंडारा असो की उरुसातला लंगर.