येझदी, रॉकेल आणि एक वही

येझदीच्या डाव्या बाजूला एकच दांडी असते. पायाने वर-खाली केली की गिअर पडतो. तीच दांडी आत दाबून उभी फिरवली की तिची किक होते. शिवाय गिअर टाकायला पाय दांडीवर दाबला की क्लच आपोआप सुटतो, हाताने लिव्हर ओढली नाही तरी चालतं. आमच्या ऑफिसातल्या मित्रांना हे सांगितलं की आधी ते हसतात, मग यूट्यूबवर शोधतात.

ही दांडी कोल्हापूरच्या आमच्या घरी आली १९७८ साली. आजोबा साखर कारखान्याच्या शेती खात्यात होते. उसाच्या नोंदी घेत गावोगाव फिरायचं आणि पावसाळ्यात चिखलातून गाडी काढायची, ही त्यांची नोकरी. आजोबा गेल्यावर गाडी बारा वर्षं पडवीत ताडपत्रीखाली होती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या दोन वर्षांत सुट्ट्यांना घरी येऊन मी आणि बाबांनी ती पुन्हा चालती केली. ते करताना लक्षात आलं की ही गाडी घरच्या घरी उघडता येते हा योगायोग नाही, त्याला इतिहास आहे.

तो इतिहास सुरू होतो प्रागमध्ये. फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ साली वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क घेतले. यानेचेकमधला ‘या’ आणि वाँडररमधला ‘वा’ जोडून नाव झालं यावा, म्हणजे आपल्या तोंडची जावा. दुसऱ्या महायुद्धात चेक प्रदेश जर्मनांच्या ताब्यात होता. मोटरसायकली बनवायला मनाई असताना तिथल्या इंजिनिअरांनी चोरून नव्या २५० सीसी गाडीचं काम चालू ठेवलं. युद्ध संपल्यावर १९४६ साली ही गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात उभी राहिली. लोक तिला पेराक म्हणायचे, म्हणजे स्प्रिंगवाली. आपोआप सुटणारा क्लच तिच्यापासूनचा. १९५४ च्या सुमारास पुढचं ३५३ हे मॉडेल आलं, आणि भारतात जी जावा बनली ती याच घराण्यातली.

युद्धातून बाहेर पडलेल्या, भंगलेल्या रस्त्यांच्या देशातल्या माणसासाठी ही गाडी बनली होती. मेकॅनिक जवळ असेलच असं तिने गृहीत धरलेलं नाही. मागची चेन पूर्ण बंद डब्यात असते, त्यामुळे तिला चिखल लागत नाही. मागचं चाक काढायचं तर आस ओढायचा आणि चाक बाहेर घ्यायचं. चेन आणि स्प्रॉकेट जागेवरच राहतात. रस्त्याच्या कडेला पंक्चर काढणाऱ्या माणसाचा विचार कुणीतरी कागदावर रेघा मारतानाच केला होता. मला स्वतःला इंजिनापेक्षा हे चाक जास्त आवडतं.

भारतात ही गाडी आणली मुंबईच्या इराणी मंडळींनी. इराणी म्हटलं की आपल्याला बनमस्का आठवतो, पण रुस्तुम इराणी आणि फारूख इराणी हे जावा आयात करून विकण्याच्या धंद्यात होते. पन्नाशीच्या दशकात सरकारने तयार गाड्यांची आयात आवळत नेली आणि गाडी इथेच बनवा असा आग्रह धरला. १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी उभी राहिली. म्हैसूरचे जयचामराजेंद्र वाडियार यांचा तिला पाठिंबा होता. शहरातल्या यादवगिरी भागात कारखाना आला. १९७३ पासून गाडीच्या टाकीवर जावाऐवजी येझदी हे नाव आलं. इराणमधलं यझ्द हे झरथुष्ट्री लोकांचं जुनं शहर, त्यावरून ते पडलं. चेक यंत्र, म्हैसूरचा कारखाना, इराणी शहराचं नाव आणि फिरायला करवीर-पन्हाळ्याचे ऊसमळे. असली मिसळ आपल्याकडेच जमते.

त्या काळात मोटरसायकल घ्यायची तर खऱ्या अर्थाने तीनच नावं होती. मद्रासची बुलेट, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची येझदी. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं. बजाजच्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे हे तुमच्या घरातल्या कुणीही सांगेल. अशा बाजारात गाडी बदलणं हा पर्यायच नसतो. जी आहे ती टिकवायची. येझदीची जाहिरात ‘फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू’ म्हणायची, ती एका अर्थी परिस्थितीचीच जाहिरात होती.

आजोबांची एक वही आहे. कारखान्याच्या जुन्या रजिस्टरची, लांबट. डाव्या पानावर पेट्रोल, उजव्या पानावर कामं. ‘पॉइंट घासले.’ ‘प्लग बदलला.’ ‘जाळ्या जाळल्या.’ ‘क्लच प्लेटा, उद्यमनगर.’ बस एवढंच, कुठे एकही भावना नाही. पण ओळीने वाचत गेलं की कळतं, दर दोन-तीन महिन्यांनी ‘जाळ्या जाळल्या’ येतं.

त्याचं कारण असं. येझदी टू-स्ट्रोक आहे. इंजिनाच्या आतल्या भागाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्येच मिसळलेल्या ऑइलमधून, लिटरमागे ४० ते ५० मिली. हे ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, अर्धवट जळतं, आणि त्याचा काळा चिकट थर एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरच्या जाळीत बसतो. जाळी तुंबली की धूर नीट बाहेर पडत नाही, गाडी चढाला दम टाकते. येझदीला सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन, म्हणजे जाळ्याही दोन. त्या काढायच्या आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवायच्या किंवा सरळ आगीत टाकायच्या. आमच्याकडे आग म्हणजे अंघोळीच्या पाण्याचा बंब. आजी अजून सांगते, “तुझ्या आजोबांचा रविवार असला की आमच्या अंघोळीच्या पाण्याला गाडीचा वास.” हे ती कौतुकाने सांगत नाही. तिच्या आठवणीतली येझदी म्हणजे तेलकट धोतर, मोरीत सांडलेलं रॉकेल आणि वापरायला नेऊन परत न आलेलं पितळी भांडं.

म्हणून मला ‘पूर्वीचे लोक कसे सगळं स्वतः दुरुस्त करायचे’ या गोडव्यांचा कंटाळा येतो. ते हौसेने करत होते, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की दुसरा इलाज नव्हता, आणि त्या रविवारचा धूर घरातल्या बायका सोसत होत्या.

इलाज आला १९८५ साली. सरकारने १०० सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी भागीदारीची दारं उघडली होती आणि दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हीरो होंडा, यामाहा, कावासाकी-बजाज अशा जपानी नावांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातली हीरो होंडा सीडी १०० फोर-स्ट्रोक होती. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, जाळ्या जाळायच्या नाहीत आणि लिटरला येझदीच्या दुप्पट-अडीचपट पळणार. तिची जाहिरात होती ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा. माझ्या मते भारतीय दुचाकीच्या इतिहासात यापेक्षा मोठं वळण नाही. तोवर गाडीचा मालक म्हणजे गाडीचा अर्धा मेकॅनिक होता. या तीन शब्दांनी त्याला सांगितलं, तू नुसता चालव. आमच्या घरातही १९९४ साली सीडी १०० आलीच. वहीत येझदीच्या नोंदी तिथून विरळ होत जातात. आणि सीडी १०० ची वही कुणी ठेवलीच नाही.

टू-स्ट्रोकचा दुसरा दोष घराबाहेरचा होता. यात ताजं मिश्रण आत येत असतानाच एक्झॉस्टचं भोक उघडं असतं. त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच, ऑइलसकट, सायलेन्सरवाटे निघून जातं. मागच्या माणसाच्या डोळ्यांत जातो तो निळा धूर हाच. १९९१ ला धुराचे पहिले नियम आले, १९९६ ला ते कडक झाले, २००० ला आणखी. आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्येच बंद पडला. एकट्या धुराने तो बंद पाडला असं म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक आधीच जपानी गाड्यांकडे गेलं होतं.

आता आमच्या पडवीतली गाडी. ती हाती घेतल्यावर पहिला प्रश्न होता, किती साफ करायची? इंटरनेटवर जुन्या गाड्यांचे ‘आधी-नंतर’ व्हिडिओ बघितले तर नंतरची गाडी आरशासारखी असते. नवा रंग, नवं क्रोम, नवं सीट. आमच्या टाकीचा रंग गुडघे लागतात तिथे घासून पत्रा दिसतो. डाव्या साइड-बॉक्सवर मूळ रंगाखाली लाल प्रायमर आहे आणि त्यावर हाताने मारलेला वेगळ्याच छटेचा काळा. वहीत बघितलं तर १९८३ च्या जूनमध्ये ‘ओढ्यात पडलो. डबा सरळ केला. रंग.’ म्हणजे तो डाग ही एक तारीख आहे. आमच्या धंद्यात जुना कोड साफ करताना एक शिस्त असते: विचित्र दिसणारी ओळ का लिहिली ते कळेपर्यंत ती काढायची नाही. मी तीच लावली. गंज थांबवला, पण रंग तसाच ठेवला. रॉकेल, मऊ ब्रश, चिंध्या आणि शेवटी पातळ ऑइलचा हात. क्रोमवरचे गंजाचे ठिपके अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासले की बरेचसे निघतात, आणि पॉलिश पेपरसारखे ओरखडेही पडत नाहीत. कार्बोरेटर सुटा केला, जेटची भोकं मोकळी केली. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर हवी; फिलर गेज लावून बाबांनी ती बसवली. मग प्लग बाहेर काढून हेडला टेकवला, किक मारली, ठिणगी निळी.

एक इशारा मात्र देतो. जुन्या गाडीचा ब्रेक ड्रम उघडला की आतली धूळ फुंकू नका, हवा मारू नका. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं बंद पिशवीत टाका. किती मेकॅनिकांनी आयुष्यभर ते फुंकलं असेल याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमधलं इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी बरेच दिवस उभी राहिली आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतं. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. कॉक तळातून ओढतो, म्हणजे इंजिनाला नेमकं वंगण नसलेलं मिश्रण मिळतं. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, त्या वेगळ्याच. उपाय साधा आहे: लागेल तेवढंच पेट्रोल भरायचं, मिश्रण करून साठवायचं नाही, गाडी उभी करण्याआधी कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्यायच्या. गंमत अशी की हे इथेनॉल बरंचसं येतं उसापासून. आजोबा ज्या उसाच्या नोंदी घ्यायला या गाडीवरून फिरले, त्याच शिवारांतला ऊस आता हिच्या नळ्या कुरतडतोय.

आणि कागदांचा प्रश्न. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये मोटरसायकलीची ही फी ३०० वरून १,००० रुपये झाली होती, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. दुसरीकडे केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, त्याची फी २०,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी आणि इंजिनात बदल नको. आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्तीला नेणं-आणणं अशा कामांपुरतीच.

आमच्या गाडीला २०२८ साली ५० पूर्ण होतील. त्यावरून घरात दोन पक्ष आहेत. मी म्हणत होतो, व्हिंटेज करू. गाडी सुरक्षित राहील, भंगारात काढायचा विषय कायमचा मिटेल. बाबांचं म्हणणं वेगळं. “अरे, वर्षातून दोनदा प्रदर्शनात उभी करायला तिचे पॉइंट कशाला घासायचे? बाजारात भाजी आणायला नेता आली पाहिजे.” मग याच वादाचा दुसरा भाग: सहा व्होल्टचा दिवा संध्याकाळनंतर देवापुढच्या समईएवढाच. बरेच लोक बारा व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतात. पॉइंट घासायची गरजच संपते, गाडी एका किकमध्ये चालू होते. पण मग ती किती मूळची राहिली?

सध्या ठरलं ते असं. सहा व्होल्ट आणि पॉइंट तसेच ठेवायचे, गाडी फक्त उजेडात काढायची, नोंदणी नेहमीसारखी पाच वर्षांसाठी करून घ्यायची. व्हिंटेजचं २०२८ ला बघू. गेल्या महिन्यात बाबा तिच्यावरून पन्हाळ्याला जाऊन आले. जाताना चढाला तिने दोनदा दम टाकला. आल्यावर त्यांनी वही काढली, जुन्या नोंदींखाली एक रेघ मारली आणि लिहिलं, ‘जाळ्या बघणे.’ बंब कधीच मोडीत गेलाय, आता सोलर आहे. कॉस्टिक सोडा मी आणून ठेवलाय. आजीने भांडं द्यायला नकार दिलाय, म्हणून एक प्लास्टिकची जाड बादलीही आणली.