परदेशी शिक्षण आणि पासपोर्टचे नूतनीकरण : काय, कधी आणि कसे?

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील विद्यार्थी नामांकित परदेशी विद्यापीठांत जाऊ लागले आहेत. अशा विद्यार्थ्यांसोबत काम करताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. प्रवेशपत्र येते, घरात पेढे वाटले जातात आणि मग लक्षात येते की पासपोर्टची मुदत संपत आली आहे. तिथून विद्यार्थ्याची आणि आईवडिलांची झोप उडते. ज्या घरातून आधी कोणी परदेशी गेलेले नाही, तिथे विचारायलाही कोणी नसते. म्हणून ही माहिती.

मुदत आणि क्रम

प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. शाळेत असताना काढलेला पासपोर्ट मात्र सहसा ५ वर्षांचा किंवा वयाच्या १८ वर्षांपर्यंतचाच असतो. मुदत संपण्याच्या १ वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. अनेक देश किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक मागतात.

नूतनीकरणानंतर पासपोर्टचा क्रमांक बदलतो. व्हिसाचा अर्ज याच क्रमांकावर चालतो. ब्रिटनसाठी विद्यापीठ देत असलेल्या ‘कॅस’मध्येही तो असतो. म्हणून आधी पासपोर्ट, मग विद्यापीठाची कागदपत्रे, मग व्हिसा. क्रमांक मध्येच बदलला तर विद्यापीठाला लगेच कळवा. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो. त्यावर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत ठेवा.

अर्ज आणि शुल्क

सरकारी पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर ‘री-इश्यू’चा अर्ज भरून वेळ घ्यायची असते. ३६ पानांसाठी १,५०० रुपये, ६० पानांसाठी २,००० रुपये आणि तत्काळसाठी जादा २,००० रुपये लागतात. पोलीस पडताळणीसाठी वेगळे पैसे द्यायचे नसतात. शंका असल्यास १८००-२५८-१८०० या निःशुल्क क्रमांकावर विचारावे. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी बनावट संकेतस्थळेही आहेत, पत्ता नीट तपासा.

नावातील फरक

सर्वाधिक त्रास इथे होतो. आईचे नाव एका कागदावर ‘शांता’, दुसऱ्यावर ‘शांताबाई’. ‘गायकवाड’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. ज्यांच्या घरात लिहिता येणारी पहिलीच पिढी आहे, त्यांची नावे नोंदणाऱ्याने ऐकली तशी लिहिली. हा दोष कुटुंबाचा नाही, पण दुरुस्ती त्यालाच करावी लागते. त्यामुळे दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि जुना पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नावात मोठा बदल असेल तर राजपत्राची प्रक्रिया आधी उरका, कारण अशा अर्जाला तत्काळ सेवा मिळत नाही.

शिष्यवृत्तीसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते, पासपोर्टसाठी नाही. पासपोर्टवर जात किंवा धर्म छापला जात नाही. दाखल्यावर ‘हिंदू महार’ की ‘बौद्ध’ ही चिंता इथे करू नये.

पत्ता आणि पडताळणी

वसतिगृहात राहणाऱ्यांनी सध्याचा पत्ता खरा तोच द्यावा. गावाकडचा पत्ता दिला आणि पोलीस चौकशीत ‘येथे राहत नाही’ असा शेरा पडला, तर अर्ज अडकतो. नूतनीकरणात पडताळणी पासपोर्ट मिळण्याआधी होईल, नंतर होईल की लागणारच नाही, हे पासपोर्ट कार्यालय ठरवते. फोन बंद ठेवू नका.

समाजाने काय करावे?

या धावपळीत एखाद्याची वेळ हुकली, तर कष्टाने मिळवलेली जागाही हातची जाऊ शकते. ज्यांनी ही प्रक्रिया पार केली आहे, त्यांनी आपल्या भागातील विहारात किंवा अभ्यासिकेत महिन्यातून एक रविवार फॉर्म भरून देण्यासाठी बसावे. पदवीच्या शेवटच्या वर्षातील प्रत्येक विद्यार्थ्याने आजच पासपोर्ट उघडून तारीख पाहावी.